आडोल्फ ब्रिक्स

आडोल्फ फेर्डिनांड वेन्झेस्लाउस ब्रिक्स (२० फेब्रुवारी १७९८, वेझेल – १४ फेब्रुवारी १८७०, बर्लिन) हे जर्मन गणितज्ञ व अभियंते होते. द्रावणातील साखरेचे प्रमाण सांगणारे ‘ब्रिक्स अंश’ हे एकक त्यांच्या नावाने ओळखले जाते. साखर कारखाने, गुऱ्हाळे, फळप्रक्रिया, मद्यनिर्मिती आणि घरगुती बिअर यांत या एककाचा किंवा त्याच्या सुधारित रूपाचा वापर होतो. कोल्हापूर परिसरातील ऊस उत्पादकांच्या बोलण्यातही ‘ब्रिक्स’ हा शब्द रुळला आहे. मात्र तो एका व्यक्तीचे आडनाव आहे, हे फारसे परिचित नाही.

कारकीर्द

ब्रिक्स यांनी आयुष्याचा बराचसा काळ प्रशियाच्या शासकीय सेवेत व्यतीत केला. स्थापत्य, वजनमापे आणि उद्योग ही त्यांची कार्यक्षेत्रे होती. प्रशियाच्या मापन आयोगाचे ते संचालक होते. बर्लिन येथील उद्योग संस्था आणि स्थापत्य अकादमी येथे त्यांनी उपयोजित गणिताचे अध्यापन केले. झुलत्या पुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या लोखंडी तारांच्या मजबुतीवरील त्यांचा ग्रंथ १८३७ मध्ये, तर प्रशियातील प्रमुख इंधनांच्या उष्णताक्षमतेवरील ग्रंथ १८५३ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तू कोणतीही असो, तिचे गुण अंकांत मांडावेत आणि तो अंक कोणत्या परिस्थितीत मिळाला हे नोंदवावे, अशी त्यांच्या कामाची पद्धत होती.

ब्रिक्स कोष्टक

आंद्रेआस मार्गग्राफ यांनी १७४७ मध्ये बीटमध्ये साखर असल्याचे दाखवून दिले. पुढे जर्मन प्रदेशांत बीट-साखरेचा उद्योग वाढला आणि रसातील साखर झटपट मोजण्याची निकड निर्माण झाली. प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ कार्ल बालिंग (१८०५–१८६८) यांनी द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व आणि साखरेची टक्केवारी यांचे कोष्टक आधीच तयार केले होते. ते दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत होते. ब्रिक्स यांनी १८५४ मध्ये तेच संबंध अधिक दशांशांपर्यंत नव्याने गणून प्रसिद्ध केले. दोन्ही कोष्टकांचे प्रमाण तापमान १७.५ अंश सेल्सिअस होते.

१०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम शुद्ध साखर असल्यास ते द्रावण १ ब्रिक्स अंशाचे होय. १२ अंशांच्या द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०४८, तर २० अंशांच्या द्रावणाचे सुमारे १.०८३ भरते. या व्याख्येत दोन अटी अंतर्भूत आहेत: द्रावण शुद्ध साखरेचेच हवे आणि तापमान ठरलेलेच हवे. प्रत्यक्षातील बहुतेक अनपेक्षित नोंदींचे मूळ या अटींच्या भंगात असते.

अनपेक्षित नोंदींची कारणे

द्रव तापला की विरळ होतो, हायड्रोमीटर अधिक बुडतो आणि नोंद कमी येते. २० अंशांना प्रमाणित केलेले उपकरण ३० अंशांच्या रसात बुडवल्यास नोंद सुमारे ०.७ ब्रिक्सने कमी दिसते. उकळत्या रसात चूक याहून कितीतरी मोठी होते. म्हणून नमुना आधी थंड करावा लागतो. याउलट, दांड्याला चिकटलेले बुडबुडे उपकरणास वर उचलतात आणि नोंद वाढते.

घरगुती बिअरमध्ये माल्टच्या दाट अर्कात वरून पाणी घातले व ते नीट ढवळले नाही, तर दाट भाग तळाशी राहतो. वरचा नमुना मग अपेक्षेपेक्षा कमी आणि तळाचा जास्त नोंद देतो. आंबवण सुरू झाल्यावर दुसरी अट मोडते. मद्यार्क पाण्याहून हलका असल्याने हायड्रोमीटर उरलेला अर्क कमी दाखवतो. १२ अंशांवरून २.५ अंशांपर्यंत उतरलेल्या बिअरमध्ये प्रत्यक्षात सुमारे ४.२ टक्के अर्क शिल्लक असतो. प्रकाशाच्या वक्रीभवनावर चालणारा रिफ्रॅक्टोमीटर त्याच बिअरची नोंद उलट वाढवून दाखवतो. दोन्ही उपकरणे निर्दोष असूनही त्यांची उत्तरे जुळत नाहीत.

कोल्हापूर परिसर

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १८९५ साली वसलेली शाहूपुरी ही पेठ गुळाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध झाली. गुऱ्हाळावर काहिलीतील पाक उतरवण्याची वेळ गुळव्या अनुभवाने ओळखत आला आहे. तोडणीयोग्य ऊस ओळखण्यासाठी मात्र हाती धरायचा रिफ्रॅक्टोमीटर उपयोगी पडतो. कांडीच्या शेंड्याकडील आणि बुडख्याकडील रसाच्या नोंदी जवळपास सारख्या आल्या, की ऊस पक्व झाल्याचे मानले जाते. केवळ बुडख्याचा रस तपासल्यास अपक्व ऊसही तयार भासू शकतो.

ब्रिक्स म्हणजे साखर नव्हे, हा भेद येथे थेट उत्पन्नाशी निगडित आहे. उसाच्या रसात क्षार, ग्लुकोज, फ्रुक्टोज व इतर विद्राव्य पदार्थही असतात आणि ते सर्व ब्रिक्समध्ये मोजले जातात. तोडल्यानंतर पडून राहिलेल्या उसातील पाणी उडते व साखरेचे विघटन होते. त्यामुळे ब्रिक्स चढतो, पण शुद्धता घसरते: नोंद चांगली दिसते आणि साखर उतारा कमी येतो. याच कारणास्तव कारखान्याच्या प्रयोगशाळेत ब्रिक्ससोबत ध्रुवणमापकाने ‘पोल’ मोजला जातो आणि दोहोंच्या गुणोत्तरावरून रसाची शुद्धता ठरवली जाते. उसाच्या दराचा आधार उतारा असल्याने तोडणी आणि गाळप यांतील प्रत्येक दिवसाच्या विलंबाला मोल असते.

मृत्यू आणि वारसा

ब्रिक्स यांचे १४ फेब्रुवारी १८७० रोजी बर्लिन येथे निधन झाले. त्यांच्या पश्चात, १९०० च्या सुमारास फ्रित्झ प्लाटो आणि सहकाऱ्यांनी हीच कोष्टके अधिक अचूक केली. तेव्हापासून बिअर व्यवसायात ‘प्लाटो अंश’ रूढ झाला, तर साखर आणि फळरस उद्योगात ब्रिक्स यांचे नाव कायम राहिले. आजची कोष्टके सामान्यतः २० अंश सेल्सिअस तापमानावर आधारलेली आहेत. त्यामुळे जुने उपकरण वापरताना त्यावर छापलेले प्रमाण तापमान आधी पाहणे आवश्यक ठरते.