विश्लेषण : फाशांवर पुस्तक लिहिणारा रोमन सम्राट! क्लॉडियस ‘जुगारी’ कसा ठरला?

प्राचीन रोममध्ये पैसे लावून फासे खेळण्यास कायद्याने बंदी होती. तरीही सम्राट क्लॉडियसने या खेळावर चक्क पुस्तक लिहिले. हा सम्राट कोण होता आणि जुगारी ही त्याची ओळख कशी पक्की झाली, याविषयी...

क्लॉडियस कोण होता?
क्लॉडियसचा जन्म इ.स.पूर्व १० मध्ये आजच्या फ्रान्समधील ल्याँ येथे झाला. तो लंगडत असे, बोलताना अडखळत असे. त्यामुळे राजघराण्याने त्याला सार्वजनिक जीवनापासून दूर ठेवले. या रिकामपणात इतिहासलेखन आणि फासे हेच त्याचे सोबती झाले. इ.स. ४१ मध्ये सम्राट कॅलिग्युलाची हत्या झाली आणि रक्षकदलाने पन्नाशीला टेकलेल्या क्लॉडियसला गादीवर बसवले.

रोमन लोक काय खेळत?
सहा बाजूंचे फासे किंवा शेळ्यामेंढ्यांच्या घोट्याची चार बाजूंची हाडे पेल्यात खुळखुळवून टाकली जात. चारही हाडांवर वेगवेगळी बाजू आली, तर ते सर्वोत्तम दान. त्याला व्हीनस देवीचे नाव होते. चारही हाडांवर एक आला, तर ‘कुत्रा’ पडला असे म्हणत.

बंदी असताना खेळ कसा चाले?
डिसेंबरमधील सॅटर्नेलिया सणात बंदी शिथिल होई. एरवीही मद्यालयांत डाव रंगत. मात्र, घरात जुगार भरवणाऱ्याला कुणी मारहाण केली, तर त्याला न्यायालयात दाद मागता येत नसे.

बदनामी कशी झाली?
प्रवासातही डाव मोडू नये म्हणून क्लॉडियसने गाडीत खेळाचा पट बसवून घेतला होता, असे चरित्रकार सुएटोनियस सांगतो. सेनेका या विचारवंताला त्याने कोर्सिका बेटावर हद्दपार केले होते. इ.स. ५४ मध्ये क्लॉडियसचा मृत्यू झाल्यावर सेनेकाने उपहासातून त्याची परतफेड केली. त्याच्या कथेत क्लॉडियसला परलोकात तळ नसलेल्या पेल्याने फासे टाकत राहण्याची शिक्षा होते.

मग खरा क्लॉडियस कोणता?
याच सम्राटाच्या काळात, इ.स. ४३ मध्ये, ब्रिटनवर स्वारी झाली. ओस्टियाजवळ नवे बंदर उभारण्यास सुरुवात झाली आणि रोमला पाणी आणणारे दोन मोठे कालवे पूर्ण झाले. त्याचे इतिहासग्रंथ आणि फाशांवरील पुस्तक मात्र काळाच्या ओघात नष्ट झाले. सेनेकाची टवाळी तेवढी टिकली.