काका बॅप्टिस्टा : कामकऱ्यांचे बॅरिस्टर

आमच्या कोरगावातून, किंबहुना साऱ्या पेडणे महालातून, पोटासाठी मुंबई गाठण्याची रीत जुनी आहे. कोणी गिरणीत लागला, कोणी बोटीवर गेला. अशा कष्टकऱ्यांची बाजू ज्या ख्रिस्ती बॅरिस्टरने मुंबईत घेतली, त्याचे नाव मात्र आपल्या मंडळ्यांत क्वचितच ऐकू येते. म्हणून जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा यांचे अल्पचरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीत झाला. वडिलांचे मूळ गाव भाईंदरजवळचे उत्तन. पुण्यास इंजिनियरिंगचे शिक्षण झाल्यावर ते पुढे केंब्रिजला गेले आणि १८९९ साली बॅरिस्टर झाले. मुंबईत वकिली करावी, चार पैसे गाठीस बांधावेत व साहेबाच्या मर्जीत राहावे, हा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी तो धरला नाही.

त्यांचा स्नेह जडला तो लोकमान्य टिळकांशी. एक गीतेचा अभ्यासक, दुसरा रोमन कॅथोलिक. धर्म निराळे, परंतु देशाची तळमळ एक. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा बॅप्टिस्टा त्यांच्या कायदेशीर साहाय्यास उभे राहिले. सरकारच्या रोषाला भिऊन भलेभले दूर सरत होते, तो हा काळ. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस पाठविण्यात आले. पण मैत्री तुटली नाही. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावास होमरूल लीगची स्थापना झाली, तेव्हा अध्यक्षपद बॅप्टिस्टांकडे आले. ख्रिस्ती माणूस म्हणजे परक्या सरकारचा माणूस, असा समज तेव्हा पुष्कळांचा होता. त्याला काकांनी शब्दांनी नव्हे, कृतीने उत्तर दिले.

स्वराज्य आले तरी गिरणीतल्या माणसाच्या वाट्याला काय येणार, हाही प्रश्न त्यांच्या मनात होता. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील पुरुषाचे काम दिवसाला बारा तासांवर आणले होते. बारा तास ही मर्यादा, मग त्याआधीची स्थिती काय असेल! ऑक्टोबर १९२० मध्ये मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. लाला लजपतराय तिचे अध्यक्ष होते आणि स्थापनेच्या कामात बॅप्टिस्टा पुढे होते. १९२१ साली झरिया येथील कोळसाखाणींच्या मुलखात तिचे दुसरे अधिवेशन भरले, त्याचे ते अध्यक्ष झाले. १९२२ मध्ये कामाचे तास अकरावर आले व १९२६ मध्ये कामगार संघटनांना कायद्याची मान्यता मिळाली. हे एकट्याचे यश नव्हे. पण त्या पायात काकांचेही दगड आहेत.

१९२५ साली ते मुंबई नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. आज ज्याला आपण महापौर म्हणतो, तेच हे स्थान. १८ सप्टेंबर १९३० रोजी ते निवर्तले. माझगावच्या टेकडीवरील बागेला आज त्यांचे नाव आहे.

ते आपल्या पंथाचे नव्हते, असे कोणी म्हणेल. पण चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाजवळ थांबला तो कोणत्या पंथाचा, हे प्रभूने महत्त्वाचे मानले नाही. तो थांबला, हे महत्त्वाचे मानले. राजकारण म्हणजे चिखल, ख्रिस्ती माणसाने त्यात पाय घालू नये, असे आपण सहज म्हणतो. आम्हीही पूर्वी असेच म्हणत होतो. परंतु वाटेवर पडलेल्याला उचलायला चिखलात उतरावेच लागते. संडे स्कूलच्या शिक्षकांनी हा दाखला शिकविताना मुलांना काकांचीही गोष्ट सांगावी, आणि आपल्या गावात आज वाटेवर कोण पडले आहे, हे त्यांनाच शोधून आणावयास लावावे.