जगज्जेत्याचा चुकलेला हिशेब

जो लुई हा १९३७ ते १९४९ अशी जवळजवळ बारा वर्षे मुष्टियुद्धाच्या हेवीवेट गटाचा जगज्जेता होता. पंचवीस वेळा त्याने हे पद राखले. जून १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला त्याने अवघ्या १२४ सेकंदांत लोळविले, तेव्हा वर्णभेदाने दुभंगलेल्या अमेरिकेतील गोऱ्यांनीही एका कृष्णवर्णीयाचा विजय आपला मानला. तोच लुई उतारवयात लास व्हेगासमधील एका जुगारगृहात पाहुण्यांच्या स्वागतासाठी उभा असे. उधळ्या माणसाची ही ठरलेली अखेर, असे म्हणून त्याची कहाणी निकालात काढणे सोपे आहे. न्याय्य मात्र नाही.

अलाबामात वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबात १९१४ साली लुईचा जन्म झाला. बाराव्या वर्षी तो डेट्रॉइटला आला. मंदीच्या काळात घरच्यांना सरकारी मदतीवर गुजराण करावी लागली होती. पैसा हाती येताच ती रक्कम त्याने परत केली. त्याचा हात सैल होता, आप्तमित्रांना तो नाही म्हणत नसे, आणि नावावर काढलेले धंदेही बुडाले, हे खरे. परंतु लढतींतून मिळालेल्या ४६ लाखांहून अधिक डॉलरपैकी जेमतेम ८ लाख त्याच्या पदरात पडले. उरलेला वाटा व्यवस्थापक आणि इतर मंडळींनी उचलला.

१९४२ मध्ये दोन लढतींची बिदागी त्याने नौदल व भूदल यांच्या साहाय्यनिधींना दिली आणि स्वतः सैन्यात दाखल झाला. दान केलेली ही रक्कमही त्याचेच उत्पन्न धरून तिच्यावर कर आकारण्यात आला. युद्धकाळात व त्यानंतर अमेरिकेत प्राप्तिकराचा सर्वोच्च दर नव्वद टक्क्यांच्या आसपास होता. १९५० पर्यंत थकबाकी पाच लाख डॉलरवर गेली. ती फेडण्यासाठी निवृत्त लुई छत्तिसाव्या वर्षी पुन्हा रिंगणात उतरला व एझर्ड चार्ल्सकडून हरला. ऑक्टोबर १९५१ मध्ये तरुण रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले. प्रत्येक नव्या कमाईवर नवा कर बसे आणि जुन्या बाकीवरील व्याज वाढतच राही. १९५३ मध्ये आईने मागे ठेवलेले ६६७ डॉलरही करखात्याने घेतले. पुढे पोटासाठी तो कुस्तीच्या खेळांतही उतरला. १९६० नंतर केव्हातरी करखात्याने चालू उत्पन्नाच्या प्रमाणातच वसुली करण्याचे मान्य केले.

या शोकांतिकेच्या मुळाशी एक आर्थिक गफलत आहे. प्राध्यापक किंवा कारकून यांची मिळकत तीस-पस्तीस वर्षांत विभागलेली असते. खेळाडूची दहा-बारा वर्षांत एकवटलेली असते. ती वेतनासारखी दिसली, तरी वस्तुतः शरीररूपी भांडवल मोडून आलेली रक्कम असते. लुईने ती उत्पन्न समजून खर्चिली. कायद्यानेही ती कायमचे उत्पन्न समजून वर्षागणिक कापली. अनेक वर्षांची सरासरी काढून कर आकारण्याची सर्वसाधारण सवलत अमेरिकेत १९६४ मध्ये आली, ती लुईच्या उपयोगाची नव्हती. १९८६ मध्ये तीही रद्द झाली.

ज्या श्मेलिंगला लुईने लोळविले, त्याने युद्धानंतर कफल्लक अवस्थेतून सावरून १९५७ मध्ये हँबुर्गला कोका-कोलाचा व्यवसाय हाती घेतला आणि तो संपन्न झाला. अडचणीतल्या लुईला त्याने मदतही केली. दोघांतला फरक काही अंशी दैवाचा, पण काही अंशी हिशेबाचा होता. १२ एप्रिल १९८१ रोजी लुई निवर्तला. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्याला मूठमाती देण्यात आली. राष्ट्राने त्याचा सन्मान केला, परंतु त्याच्या हयातीत त्याचा हिशेब करताना हाच उदारपणा दाखविला नाही. निवृत्तीची तरतूद निवृत्तीनंतर होत नसते. मुठीत बळ असतानाच ती करावी लागते. खेळाडूला हे कळणे जितके अगत्याचे आहे, तितकेच त्याच्या जिवावर कमावणाऱ्यांना आणि त्याच्यावर कर बसविणाऱ्यांनाही.