टेलिफोनच्या तारेतून कानात

महागडे हेडफोन घेणाऱ्या मंडळींची एक तक्रार ठरलेली असते. वीस-पंचवीस हजार रुपये मोजले, पण मोबाइलला जोडले की आवाज मिळमिळीत. मग कोणी सांगतो, याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. तो आणला की दुसरा सांगतो, हा ॲम्प्लिफायर या हेडफोनचा जोडीदारच नव्हे. एकेक वस्तू बदलत जाते, खिसा हलका होतो, पण या साखळीतला नेमका कोणता दुवा कच्चा आहे हे काही कळत नाही.

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी बुडापेस्टमध्ये टेलिफोनच्या प्रयोगशाळेतल्या एका तरुणाला पडला होता. त्याने मात्र साखळी इअरफोनपाशी संपू दिली नाही. पुढचा दुवा म्हणजे कान, म्हणून तो कानात शिरला आणि १९६१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक घेऊन बाहेर आला. तेही एकट्याने, कुणाशी वाटून न घेता. गेऑर्ग फॉन बेकेशी हे त्याचे नाव. ते डॉक्टर नव्हते, भौतिकशास्त्रज्ञ होते. आम्हा डॉक्टरांना हे जरा झोंबते, पण कानाची तपासणी करताना रोज त्यांचीच आठवण काढावी लागते.

बेकेशींचा जन्म ३ जून १८९९ रोजी बुडापेस्टचा. वडील परराष्ट्र सेवेत असल्याने बालपण म्युनिक, इस्तंबूल, झुरिक असे गावोगाव गेले. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला त्यांनी रसायनशास्त्र शिकले आणि १९२३ मध्ये बुडापेस्ट विद्यापीठातून भौतिकशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. पहिल्या महायुद्धाने हंगेरी पार खचला होता. संशोधनाला लागणारी उपकरणे बरी असतील अशा मोजक्या जागांपैकी एक होती पोस्ट खात्याची टेलिफोन प्रयोगशाळा. बेकेशी तिथे नोकरीला लागले. मधले एक वर्ष बर्लिनला सीमेन्समध्ये काढले, ते सोडले तर १९४६ पर्यंत ते तिथेच राहिले.

देशोदेशी जाणाऱ्या टेलिफोनच्या तारांची तपासणी तेव्हा वेळखाऊ असे. बेकेशींनी सोपी युक्ती काढली. तंतुवाद्य सुरात आहे का हे पाहायला वादक तार नुसती छेडतो, तशी त्यांनी टेलिफोनची तार छेडली. तारेत क्षणभर वीज सोडायची, कानाला लावलेल्या रिसीव्हरमध्ये ‘टक्’ असा आवाज येतो, आणि त्यामागून येणारा प्रतिध्वनी ऐकायचा. तारेत कुठे बिघाड असेल तर प्रतिध्वनी बदलतो.

हा प्रतिध्वनी का येतो, हे समजले की हेडफोन आणि ॲम्प्लिफायरच्या जोडीतले निम्मे कोडे सुटते. प्रत्येक तारेला, प्रत्येक उपकरणाला विजेच्या लाटेला अडवण्याचा आपला एक स्वभाव असतो. त्याला इम्पिडन्स म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. दोन वेगळ्या स्वभावांच्या गोष्टी जोडल्या की सांध्यापाशी लाटेचा काही भाग मागे परततो. टेलिफोनच्या खांबांवरच्या उघड्या तारांचा इम्पिडन्स साधारण ६०० ओहम असे. म्हणून टेलिफोनची आणि पुढे स्टुडिओची यंत्रेही त्याच आकड्याभोवती बांधली गेली. आजही काही स्टुडिओ हेडफोनवर ६०० ओहम लिहिलेले दिसते, ते त्याच घराण्यातले.

आजच्या शौकिनाचे गणित थोडे वेगळे आहे. हेडफोनची तार हातभर, त्यामुळे तिथे प्रतिध्वनीची भानगड नाही. सेनहायझरचा एचडी ६०० घ्या. त्याचा इम्पिडन्स ३०० ओहम. त्याला पुरेसा आवाज काढायला जास्त व्होल्टेज लागते आणि मोबाइलच्या छोट्याशा सर्किटला ते झेपत नाही. काही हेडफोनचा इम्पिडन्स कमी असतो, पण संवेदनशीलताही कमी असते. त्यांना विद्युतप्रवाह भरपूर लागतो. या दोघांनाही ॲम्प्लिफायर हवा, पण कारणे निरनिराळी. तिसरी गोष्ट ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या इम्पिडन्सची. तो हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. कारण हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसतो. ॲम्प्लिफायरचा जास्त असला तर काही स्वर उगाच फुगतात, बहुधा खर्जाचे, आणि पडद्याचे हलणे वेळेवर थांबत नाही.

हे वेळेवर थांबणेच बेकेशींना महत्त्वाचे वाटले. टेलिफोन खात्याला सुधारणा करायची होती, पण पैसा कशावर घालायचा? मायक्रोफोनवर, तारेवर की इअरफोनवर? बेकेशींनी विचार केला की शेवटी ऐकणारा कान आहे, तेव्हा आधी तोच किती चांगला आहे ते मोजू. त्यांनी कानाच्या पडद्याचीही ‘टक्’ने परीक्षा घेतली. कानाचा पडदा हलतो आणि चटकन शांत होतो. त्या काळच्या इअरफोनची पत्र्याची चकती मात्र घुमत राहते. दुवा कच्चा होता तो इअरफोनचा. खात्याचे काम तिथे झाले होते. पण बेकेशींना आता कान सोडवेना.

पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन चिमुकली हाडे असतात, हे आपण शाळेत शिकलो. ती कशासाठी, हे बहुतेक जण विसरतात. आवाज हवेतून येतो आणि आतल्या कानात पाण्यासारखा द्रव असतो. हवेतला आवाज थेट पाण्यावर आदळला तर हजारातला जेमतेम एक भाग आत जातो, बाकीचा परततो. टेलिफोनच्या तारेचाच प्रकार! निसर्गाने यावर तोड काढली. पडद्याचे क्षेत्रफळ मोठे, रिकिबीखालची खिडकी त्याच्या सुमारे सतरा पट लहान, शिवाय हाडांची तरफ. सगळे मिळून आत पोचणारा दाब वीसपटीहून जास्त होतो. जोडी जुळवणारे हे यंत्र आपल्या प्रत्येकाच्या कानशिलात फुकट बसवलेले आहे. कान फुटून ही हाडे झिजली की माणूस बहिरा होतो तो या जोडणीअभावी. आतला कान धडधाकट असतो, म्हणून अशा रुग्णांना शस्त्रक्रियेने पुन्हा ऐकू येते.

त्याच्याही आत असते ती कॉक्लिया, शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी. उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर. तिच्यात लांबवर पसरलेली एक पातळ पट्टी असते. हेल्महोल्ट्झ यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने सांगून ठेवले होते की ही पट्टी पियानोच्या तारांसारखी आहे, प्रत्येक स्वराला आपापली तार थरथरते. बेकेशींना ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. शवविच्छेदनगृहातून ते कानाची हाडे मिळवत, पाण्याखाली ठेवून बारीक ड्रिलने उघडत, आत चांदीची बारीक पूड टाकत आणि लुकलुकत्या दिव्याच्या उजेडात सूक्ष्मदर्शकातून बघत. पोस्टाच्या कार्यशाळेतले कारागीर सकाळी येऊन बघत तर यंत्रावर माणसाच्या हाडांचा भुगा! त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांची कल्पना करता येते.

त्यांना दिसले ते वेगळेच. पट्टी ताणलेली नव्हतीच. आवाज आला की तिच्यावरून लाट धावते, जसा दोरीला एका टोकाला झटका दिला की पुढे जातो. वाटेत एका जागी ती सर्वांत उंच होते आणि तिथून पुढे विरते. बारीक, चिरका स्वर असेल तर ती जागा खिडकीजवळ, खर्ज असेल तर पार टोकाला. १९२८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. उंदरापासून हत्तीपर्यंतच्या प्राण्यांचे कान तपासून त्यांनी खुंटा हलवून बळकट केला.

१९३२ चा त्यांचा एक प्रयोग तर आज जाहिराती वाचताना मुद्दाम आठवावा असा आहे. कवटीच्या हाडातून आलेला स्वर आणि हवेतून आलेला स्वर असे एकाच वेळी द्यायचे, की दोघे एकमेकांना खोडतील आणि शांतता होईल. तशी ती झाली. म्हणजे वाट कोणतीही असो, दोन्ही स्वर पोचतात त्याच पट्टीवर. हाडातून ऐकवणारे हेडफोन आजकाल कानाला सुरक्षित म्हणून खपवले जातात. रस्त्यावर हॉर्न ऐकू यावा म्हणून ते जरूर वापरा, पण मोठा आवाज त्या वाटेनेही आतल्या कानालाच लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये बेकेशी स्वीडनला आणि १९४७ मध्ये अमेरिकेत हार्वर्डला गेले. स्वीडनमध्ये असताना त्यांनी रुग्णाने स्वतःच चालवायचे श्रवणमापक यंत्र बनवले. हेडफोनमध्ये स्वर वाजतो. ऐकू येतोय तोवर बटण दाबून ठेवायचे, तसा आवाज कमी होत जातो. ऐकू येईनासा झाला की बटण सोडायचे, आवाज वाढतो. लेखणी कागदावर नागमोडी रेघ काढते आणि त्या रेघेच्या मधोमध तुमच्या श्रवणाचा उंबरठा सापडतो. या यंत्रात मोटार नाजूक, लेखणी नाजूक, पण सगळ्यांत नाजूक असते ती यंत्र आणि हेडफोनची जोडी.

इथे थोडे थांबतो, कारण हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. आमच्या कान-नाक-घसा विभागातल्या श्रवणमापक यंत्राचा हेडफोन त्या यंत्राबरोबरच तपासून, जुळवून दिलेला असतो. यंत्राने चाळीस डेसिबल म्हटले की त्या हेडफोनमधून तेवढेच निघाले पाहिजेत. तुटला म्हणून दुसऱ्या यंत्राचा उचलून लावला, खोचणी बसली, आवाजही आला, तरी आकडे खोटे ठरू शकतात. दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून कमी ऐकू येणारा आणि ७० पासून कर्णबधिर अशी रेघ आहे. पाच-दहा डेसिबलच्या घोळात एखाद्याचे प्रमाणपत्र जाते. शौकिनाची जोडी चुकली तर गाण्याची मजा जाते; इथे एखाद्याची नोकरी जाऊ शकते. तपासणीला जाल तेव्हा यंत्राचे कॅलिब्रेशन कधी झाले, हे विचारायला लाजू नका.

हेडफोनची तुलना करणाऱ्यांनीही बेकेशींची शिस्त घ्यावी. दोन हेडफोन ऐकताना त्यांचा आवाज आधी सारखा करून घ्यायला हवा. एक किंचित मोठा वाजत असेल तर कानाला तोच सरस वाटतो आणि दुकानदार हे जाणून असतो. बेकेशींना कलावस्तू जमवण्याचा नाद होता. अस्सल आणि नक्कल शेजारी ठेवून तासन् तास न्याहाळल्याने नजर तयार होते, असे ते मानत. लग्न त्यांनी केले नाही. १९६५ मध्ये हार्वर्डच्या प्रयोगशाळेला आग लागली आणि १९६६ मध्ये ते हवाईला गेले. १३ जून १९७२ रोजी होनोलुलूत त्यांचे निधन झाले. कलासंग्रह त्यांनी नोबेल फाउंडेशनला देऊन टाकला होता.

त्यांच्या कामात एक मोठी उणीव होती. त्यांनी पाहिलेले कान मेलेले होते आणि लाट दिसावी म्हणून आवाज असह्य इतका मोठा ठेवावा लागे. त्या कानांतली लाट पसरट होती. मग आपल्याला जवळजवळचे दोन स्वर इतके नेमके वेगळे कसे कळतात? थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्येच सुचवले होते की जिवंत कानात स्वतःचा ॲम्प्लिफायर असला पाहिजे. तेव्हा कोणी मनावर घेतले नाही. १९७१ मध्ये विल्यम ऱ्होड यांनी जिवंत माकडांच्या कानात लाट मोजली. हलक्या आवाजाला ती अपेक्षेपेक्षा मोठी होती आणि प्राणी मेला की हा जादा जोर नाहीसा होत होता. हा ॲम्प्लिफायर म्हणजे कॉक्लियातल्या बाहेरच्या रांगांमधल्या केशपेशी. एका कानात त्या बारा हजारांच्या आसपास. त्या स्वतः लांब-आखूड होऊन हलक्या आवाजाला जोर देतात.

मोठ्या आवाजाने आधी मरतात त्या याच, आणि मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला फटका बसतो तो बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या जागेला. बोलण्यातले स, श, फ पुसट होतात, गर्दीत शब्द लागत नाहीत. घरोघरी ऐकू येणारा संवाद आठवा. आजोबा म्हणतात, जरा मोठ्याने बोल. नातू आवाज चढवतो, तर आजोबा डाफरतात, ओरडतोस कशाला! आजोबा विक्षिप्त नसतात. हलके आवाज उचलणारा आतला ॲम्प्लिफायर गेला, पण मोठे आवाज पूर्वीइतकेच मोठे लागतात, म्हणून मधली सोयीची पट्टी अरुंद झालेली असते. पंचविशीतली मुले हेच सांगत येतात तेव्हा मात्र काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेचे मोठ्यांसाठीचे माप आहे आठवड्याला ४० तास ८० डेसिबल. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. ८९ डेसिबलवर आठवड्याचे पाच तास उरतात. ३०० ओहमच्या हेडफोनसाठी आणलेल्या दांडग्या ॲम्प्लिफायरला साधा, संवेदनशील इअरफोन लावायचा झाल्यास बटण आधी शून्यावर न्या, मग कानात घाला.

हा आतला ॲम्प्लिफायर शाबूत आहे का, हे आता जन्मल्यानंतर दोन दिवसांतच तपासता येते. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवले की निरोगी कान आवाज नुसता घेत नाही, काही मिलिसेकंदांनी एक अगदी क्षीण आवाज परतही करतो. आमच्या प्रसूती कक्षात झोपलेल्या बाळाच्या कानात परिचारिका एक मऊ खुंटी ठेवते. तिच्यात एक इवलासा स्पीकर आणि तेवढाच मायक्रोफोन असतो. स्पीकर ‘टक्’ असा आवाज करतो आणि मायक्रोफोन प्रतिध्वनीची वाट पाहतो. आला तर पडद्यावर ‘पास’ उमटते. नाही आला तर आईला समजावून पुन्हा तपासणीची तारीख देतो आणि ती तारीख चुकू नये म्हणून फोन नंबर लिहून घेतो.