अबेबे बिकिला : परतीच्या दोन वाटा

थंडीच्या दिवसांत पहाटे अंबाझरीच्या रस्त्यावर किंवा रविनगरच्या मैदानावर गेले, तर धुक्यातून धावणारी मुले दिसतात. त्यांतील अनेकांपुढे पोलीस भरतीचे सोळाशे मीटर असतात, काहींपुढे विद्यापीठाच्या स्पर्धा. ऐन तोंडावर एखाद्याचा गुडघा सुजतो, घोटा मुरगळतो आणि दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर दिसेनासा होतो. त्याचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. अशा मुलाने व त्याच्या शिक्षकांनी अबेबे बिकिला या इथिओपियन धावपटूचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

बिकिलाचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ रोजी जातो नावाच्या खेड्यात एका मेंढपाळाच्या घरी झाला. तरुणपणी तो सम्राट हैले सेलासी यांच्या शाही रक्षकदलात दाखल झाला. तेथे ओन्नी निस्कानेन या स्वीडिश प्रशिक्षकाने त्याची गुणवत्ता हेरली. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी घेतलेले नवे बूट पायाला नीट बसेनात, तेव्हा तो सरळ अनवाणी धावला. इटलीने इथिओपिया जिंकल्यानंतर १९३७ मध्ये तेथून पळवून आणलेला अक्सुमचा प्राचीन स्तंभ त्या वेळी रोममध्ये उभा होता आणि शर्यतीचा मार्ग त्याच्याजवळूनच जात होता. मशालींच्या उजेडात बिकिलाने २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. मानहानी सोसलेल्या एका राष्ट्राला त्या रात्री आपली मान ताठ करता आली.

तथापि बिकिलाची खरी कसोटी पुढेच होती. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला जेमतेम पाच-सहा आठवडे उरले असताना त्याच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया करावी लागली. तो शर्यतीत उतरू शकेल की नाही, याचीच शंका होती. परंतु २१ ऑक्टोबरला तो उतरला, या वेळी पायांत बूट घालून, आणि २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंदांत धावून त्याने जगातील सर्वोत्तम वेळ नोंदविली. दुसऱ्या क्रमांकाचा धावपटू चार मिनिटांहून अधिक मागे होता. ऑलिंपिक मॅरेथॉन लागोपाठ दोनदा जिंकणारा तो पहिला पुरुष ठरला. शेवटची रेषा ओलांडल्यावर तो गवतावर आडवा होऊन व्यायाम करू लागला, तेव्हा सारे क्रीडागार थक्क झाले.

दुखापतीनंतरच्या पुनरागमनाची गोष्ट आपण बहुधा येथेच थांबवितो, कारण आपणांस विजयाने संपणारी गोष्ट आवडते. बिकिलाचे आयुष्य मात्र येथे थांबले नाही. १९६८ मध्ये मेक्सिकोत पायाच्या दुखण्याने त्याला सुमारे सतरा किलोमीटरनंतर शर्यत सोडावी लागली. सुवर्णपदक त्याचाच देशबांधव मामो वोल्डे याने मिळविले. पुढे मार्च १९६९ मध्ये मोटार अपघातात बिकिलाच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. ज्या पायांनी त्याने जग जिंकले होते, ते कायमचे निकामी झाले.

सम्राटाने त्याला उपचारांसाठी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात पाठविले. डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्या दिवशीच तेथे चाकांच्या खुर्चीतील रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवून एका मोठ्या चळवळीचा पाया घातला होता. बिकिलाने याच ठिकाणी १९७० मध्ये हाती धनुष्य घेतले. मॅरेथॉनचा सम्राट आता शिकाऊ तिरंदाज झाला होता. पुढच्याच वर्षी नॉर्वेत बर्फावरील घसरगाडीची शर्यत त्याने जिंकली. २५ ऑक्टोबर १९७३ रोजी, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने त्याचे निधन झाले.

टोकियोला बिकिला आपल्या जुन्या जागी परतला. स्टोक मँडेव्हिलला ती जागाच उरली नव्हती, तरी तो खेळाकडे परतला. यांतील दुसरे पुनरागमन मला अधिक मोठे वाटते. पहिल्यात शरीराने साथ दिली, दुसऱ्यात केवळ मनाने.

असे मन आपल्या मातीतही आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले. ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. मात्र पद्मश्री त्यांच्या वाट्याला यावयास २०१८ साल उजाडले. मधली सेहेचाळीस वर्षे आपल्या विस्मरणाची साक्ष देतात.

विजेत्याच्या गळ्यात हार घालणे सोपे असते. पडलेल्याच्या उशाशी बसणे हे समाजाचे खरे क्रीडाप्रेम होय. ज्या शाळा-महाविद्यालयांना मुलांची पदके फळ्यावर अभिमानाने लिहावीशी वाटतात, त्यांनी त्याच मुलांच्या दुखापतींची, उपचारांची आणि पुढील वाटेचीही जबाबदारी घ्यावी. निदान मैदानावरून नाहीसा झालेला मुलगा कोठे गेला, एवढी चौकशी तरी दुसऱ्या दिवशी व्हावयास हवी. परतण्याचे बळ त्याचे स्वतःचे असेल. पण आपली कोणी वाट पाहत आहे, हे त्याला कळले पाहिजे.