स्वातंत्र्यशाहीर कवी गोविंद : पायांवाचून चाललेली वाट

गोविंद त्र्यंबक दरेकर हे नाव आज आपल्यापैकी कितीजणांना ओळखीचे वाटेल? ‘स्वातंत्र्यशाहीर कवी गोविंद’ म्हटले, की मात्र मराठीच्या विद्यार्थ्याला थोडी आठवण होते. त्यांचा जन्म १८७४ सालचा. आयुष्य गेले नाशकात. लहानपणीच पाय लुळे पडले आणि चालणे कायमचे बंद झाले. शाळेतले शिक्षणही बेताचेच. लोक त्यांना ‘आबा पांगळे’ म्हणत. माणसाजवळ जे नाही, तेच त्याचे नाव करून टाकण्याची आपली रीत जुनीच आहे.

पण आबांजवळ शब्द होते. आरंभी ते लावण्या रचीत. पुढे शेजारच्या सावरकर बंधूंशी स्नेह जुळला. १९०० साली नाशकात ‘मित्रमेळा’ सुरू झाला, तेव्हा आबा सव्वीस वर्षांचे होते आणि विनायकराव सावरकर त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. या तरुणांच्या संगतीत लावणीकार देशभक्तीची पदे व पोवाडे रचू लागला. आबांनी बसल्या जागी रचायचे आणि मेळ्यातल्या मुलांनी ते उत्सवांतून गात हिंडायचे, असे चाले. पाय दुसऱ्यांचे, पण चालत होते ते आबांचे शब्द.

त्या शब्दांची सरकारला धास्ती वाटली. १९०९ साली बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती राजद्रोही ठरलेल्या कविता प्रसिद्ध केल्याबद्दल. त्यांत गोविंदांच्या कविता होत्या. जो माणूस घराबाहेर चालू शकत नव्हता, त्याच्या कवितेला साम्राज्य भ्याले!

म्हणून त्यांचे दुःख लहान होते, असे म्हणणे बरे नव्हे. ‘सुंदर मी होणार’ ही त्यांची मरणावरची कविता प्रसिद्ध आहे. जुना देह टाकून नवा मिळेल, या आशेने ती मरणाचे स्वागत करते. अधू देहाचे ओझे त्यांनी किती सोसले असेल, हे त्यावरून उमगते. १९२६ साली ते वारले. पुढे पु. ल. देशपांडे यांनी हेच नाव आपल्या नाटकाला दिले. त्यातली राजकन्या दीदीराजे हीही पायांनी अधूच आहे.

नाशिकची गाडी आपल्या कोपरच्या रुळांवरूनच जाते. याच मार्गावर रूळ ओलांडताना किंवा भरल्या लोकलमधून पडून पाय गमावणारी माणसे आहेत. आबांच्या काळी नव्हती अशी सोय आज आहे. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेला ‘जयपूर फूट’ लावून पाय कापलेला माणूस अनवाणी चालू शकतो, उकिडवा बसू शकतो. पण पाय बसवला म्हणजे आयुष्य बसले, असे होत नाही. त्याला काम हवे, आणि त्याच्या कामाची गरज असलेली माणसे हवीत. मित्रमेळ्याने आबांवर दया केली नाही. त्यांच्याकडून पदे मागितली. आपल्या गल्लीत, आपल्या वर्गात असा कोणी असेल, तर आपण त्याला काय विचारतो? पाय कसा गेला, एवढेच? की तुला काय येते, हेही?