रॉबर्ट वाइज

रॉबर्ट वाइज यांचा जन्म १० सप्टेंबर १९१४ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. त्यांना खूप शिकायचे होते. पण घरात पैसे नव्हते. १९३३ साली कॉलेज सुटलं. मग ते हॉलिवूडला मोठ्या भावाकडे गेले. भाऊ सिनेमा कंपनीत कामाला होता. तिथं त्यांना फिल्मचे डबे वाहायचं काम मिळालं. त्यांनी ते मन लावून केलं. हळूहळू ते फिल्मच्या पट्ट्या कापून जोडायला शिकले. याला संकलन म्हणतात. १९४१ च्या 'सिटिझन केन' चित्रपटाचे संकलन त्यांनी केले. पुढे ते दिग्दर्शक व निर्माते झाले. १९६५ च्या 'द साउंड ऑफ म्युझिक'साठी त्यांना दोन ऑस्कर मिळाले. २००५ साली ते वारले. कॉलेज सुटले तरी त्यांनी शिकणे सोडले नाही.